सध्या आपल्याच माणसांचं दिसतं

"मावशी, इथे 'परवानगी आहे' असं लिहिलंय ना, तिथे बोट टेकवा," पासवर्डभाऊ म्हणाले.

"कसली परवानगी?"

"कंपनीच्या पानावर तुम्ही काही लिहिलं असेल, तर ते आपल्या टूलला वाचू द्यायची. चाचणीपुरती."

मावशींनी चष्मा कपाळावर सरकवला, म्हणजे वाचायचं नाही असं ठरवलं, आणि बोट टेकवलं. "तू म्हणतोस म्हणजे ठीकच असणार. माझं बंद पडलेलं अकाउंट तूच तर उघडून दिलंस. बाकीचे नुसते हसत होते."

गाद्या बनवणाऱ्या त्या कंपनीत भाऊंचं खरं नाव कोणाच्या लक्षात नव्हतं. कोणी पासवर्ड विसरला की हाक मारायचा आणि हे धावत जायचे, म्हणून पासवर्डभाऊ. मागून आलेले कायम झाले. यांचं कंत्राट मात्र दर वर्षी नव्याने वाढायचं, तेही आठवण करून दिल्यावर. घरी बायकोने विचारणं सोडून दिलं होतं, आणि तेच त्यांना जास्त लागायचं.

अशात धाकट्या साहेबांच्या डोक्यात आलं की कंपनीच्या सोशल मीडियावरच्या पानावर लोक जे काही लिहितात ते रोज आपोआप एका तक्त्यात यावं आणि केबिनमधल्या मोठ्या पडद्यावर दिसावं. रागाच्या ओळी लाल. त्यासाठी एक तयार टूल विकत घेतलं. "आता फक्त जोडायचंय," साहेब म्हणाले. फक्त हा शब्द साहेबांचा होता, जोडायचं पासवर्डभाऊंना होतं. "जमलं तर तुमचं कायमचं करून टाकू. नाही जमलं तर बाहेरून माणूस आणू. त्याच्या चहापाण्याचं तुम्ही बघा."

पासवर्डभाऊ जोडायला बसले. किल्ली म्हणून मिळालेली आकडे-अक्षरांची लांबलचक ओळ टूलच्या चौकटीत टाकली, गुप्त कोड टाकला. टूल म्हणालं, नाही. कोडच्या शेवटी एक मोकळी जागा चिकटून आली होती, ती शोधण्यात एक अख्खा दिवस गेला. मग ते पान ज्या साइटवर होतं तिने आपला नियम दाखवला. सगळ्यांचं वाचायच्या परवानगीचा तुमचा अर्ज आम्ही तपासेपर्यंत चाचणीला नेमलेल्या माणसांनी लिहिलेलंच तुम्हाला मिळेल, बाकी जगाचं नाही.

मग चाचणीला माणसं शोधणं आलं. "माझं अकाउंट? मी बायकोला दाखवत नाही, तुम्हाला कुठून दाखवू?" असं हिशेबनीस म्हणाले. शेवटी रिसेप्शनवरची बाई, स्टोअरकीपर आणि मावशी, एवढेच तयार झाले. मावशी शिलाई विभागात गादीची कड शिवायच्या. नातीचे फोटो बघायला त्यांनी 'सदाफुली' या नावाने अकाउंट काढलं होतं, फोटोही फुलाचाच. आणखी कशाला वापरतात ते भाऊंनी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टूलवर हिरवी खूण उमटली. भाऊंना इतका आनंद झाला की त्यांनी तक्ता वाचलाच नाही, तडक केबिन गाठली आणि पडद्यावर लावला.

साहेबांनी खुर्ची वळवली. "एवढंच? हजारो लोक लिहितात पानावर. तुमच्या टूलला सातच ओळी सापडल्या? मग माणूसच बोलवतो बाहेरून."

"टूल बरोबर आहे सर!" भाऊ घाईघाईने म्हणाले. "अर्ज मंजूर व्हायचाय. सध्या आपल्याच माणसांचं दिसतं. बाहेरचं यात एकही नाही."

असं काही तरी आपल्याला नीट माहीत आहे, हे साहेबांना सांगताना त्यांची छाती जराशी फुगलीसुद्धा. साहेबांची नजर मात्र पडद्यावरून सावकाश खाली उतरली आणि एका लाल ओळीवर थांबली. नव्या मशीनशेजारी साहेब हसत उभे असलेल्या फोटोखाली कधीतरी सदाफुलीने लिहिलं होतं, 'या मशीनच्या सुईपुढचा गार्ड काढून ठेवलाय, काम भराभर व्हावं म्हणून. आमच्या घरातलीचं बोट गेलं. फोटोत हसताय कशाला?'

हजारोंच्या गर्दीत ते कोणी वाचलं नव्हतं. सातांत लपायला जागा नव्हती.

"म्हणजे ही आपल्यातलीच," साहेब म्हणाले. "पण कोण? बोटं गेलेल्या तर चारपाच आहेत."

भाऊंना आपलीच जीभ चावावीशी वाटली. मावशींची सून पूर्वी त्याच मशीनवर होती. पॅकिंगमध्ये बसून करायचं काम तिला पुढच्या महिन्यात मिळणार होतं, आणि त्यासाठी मावशी किती जणांच्या पाया पडल्या होत्या ते सगळ्या कंपनीला ठाऊक होतं.

"परवानग्या तुम्हीच घेतल्यात ना? रिसेप्शन, स्टोअर, त्यांची तर नावंच दिसतायत. तिसरी कोण?"

पडद्यावर फूल होतं, नाव नव्हतं. माहीत नाही सर, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. साहेबांनी फोन उचलला. "लावू बाहेरच्या माणसाला?"

"शिलाईतल्या मावशी."

"काय? जरा मोठ्याने बोला."

भाऊ मोठ्याने बोलले.

दुपारच्या सुट्टीआधी मावशींना काढलं. कागदावर कारण लिहिलं होतं, कामाचा वेग कमी. पॅकिंगच्या यादीतून सुनेचं नाव गेलं. पिशवी घेऊन भाऊंच्या दारावरून जाताना मावशींनी हातानेच खूण केली, नंतर बोलू. भाऊंनी मान खाली घातली. भित्रा माणूस दुष्ट माणसापेक्षा कमी नुकसान करतो असं म्हणतात, ते खोटं आहे.

"आता ते लाल तेवढं काढा," साहेब म्हणाले.

भाऊंनी सदाफुलीला चाचणीतून काढलं आणि टूल पुन्हा चालवलं. मस्त गादी. छान झोप लागते. अभिमान वाटतो. पडद्यावर एवढंच उरलं.

"हं. आता कसं खरं चित्र दिसतंय." साहेबांनी खूश होऊन भाऊंच्या कायम नेमणुकीच्या कागदावर तिथल्या तिथे सही केली.

संध्याकाळी भाऊ तो कागद खिशात घालून घराकडे निघाले, तेवढ्यात मावशींचा फोन आला.

"अरे भाऊ, माझ्या मोबाइलवर काहीतरी आलंय. परवानगी काढून घेतली म्हणे. मी चुकून काही दाबलं का?"

"नाही मावशी."

"मी मेलीने काहीबाही लिहून ठेवलेलं, ते साहेबांनी कसं हुडकलं देव जाणे. माझं राहू दे, पण त्यापायी तुझ्यावर तर काही आलं नाही ना? तुझं काम अडलं असेल तर सांग, परत देते परवानगी."

"नको," भाऊ म्हणाले. "झालं मावशी. माझं काम झालं. कायम केलं मला."

 पलीकडे मावशींनी सुनेला मोठ्याने सांगितल्याचं फोनमध्ये ऐकू आलं, "अगं, आपला भाऊ कायम झाला!" आणि पुन्हा फोन तोंडाशी धरून त्या म्हणाल्या, "चला, एकाचं तरी भलं झालं."