सिरीयसली इल

आमच्या काल्हेरात माणूस गेला की लांबच्या नातेवाइकाला फोनवर तसं सांगत नाहीत. "सिरीयस हाय, निघून ये," एवढंच सांगतात. ऐकणारा काय ते समजतो, तो समजला हे सांगणाऱ्यालाही कळतं, आणि तरी तो दारात येऊन उभा राहीपर्यंत माणूस जिवंत असल्याचं सोंग दोघेही वठवतात. मला ही रीत कधीच पटली नाही. पण न पटणाऱ्या गोष्टी माझ्याकडे ढीगभर आहेत, आणि गाव काही जानकीच्या मताने चालत नाही.

पुतळाबाई माझी थोरली बहीण. आम्हा दोघींना एकाच गावात दिलं, त्यामुळे लग्नानंतरही आमचं भांडण कधी थांबलं नाही. तिचे यजमान केसरीनाथ भावोजी. खाडीकडची भातशेती त्यांनी गोडाऊनवाल्यांना दिली आणि दुमजली घर बांधलं. मुलगा प्रितेश मालवाहू बोटीवर खलाशी, एकदा गेला की नऊ-नऊ महिने समुद्रावर. धाकटी भाविका बारावी झाली आणि टेमघरला जीवन सरांच्या इंग्रजी बोलण्याच्या क्लासला जाऊ लागली. ही २००६ सालची गोष्ट.

क्लास लूमच्या कारखान्यावरच्या माडीवर होता. खाली धडधड चालू, म्हणून सर ओरडून शिकवत आणि पोरं ओरडून शिकत. त्यामुळे भाविका घरी आली की साधं 'आय ॲम क्वाइट हॅपी' सुद्धा भांडल्यासारखं म्हणायची.

त्या महिन्यात सर त्यांना जोड्या शिकवत होते. इंग्रजीत म्हणे नुसतं 'आजारी', 'थंड', 'दमलेला' म्हणून भागत नाही. त्याच्यापुढे आणखी एक शब्द लावायचा, म्हणजे किती आणि कसं ते कळतं. आणि तो शब्दही आपल्या मनाने लावायचा नाही. थंडी 'बिटरली' असते, म्हणजे कडू. झोपलेला माणूस 'फास्ट' झोपलेला असतो. जागा माणूस 'वाइड' जागा, म्हणजे रुंद. मी म्हटलं, झोप फास्ट कशी असेल, आणि जागा माणूस रुंद कसा होईल? भाविका म्हणाली, मावशी, ते असंच असतं, या जोड्या कुणी ठरवल्या ते सरांनाही ठाऊक नाही. म्हणजे आमच्या लग्नांसारखंच, मी म्हटलं.

पुतळाबाईला मात्र या जोड्यांचं भारी वेड लागलं. तव्यावर तांदळाची भाकरी टाकून ती लेकीला हाक मारायची आणि म्हणायची, "भाकर परफेक्टली राउंड हाय." मी जरा उशिरा गेले की 'टेरिबली लेट'. प्रितेशचा बंदरातून फोन आला की ती त्यालाही इंग्रजी ऐकवायची आणि तो पलीकडून हसत सुटायचा. चौथी शिकलेली माझी बहीण, पण तिची जीभ कुठल्याही भाषेत अडत नव्हती.

तीच जीभ गेली. एका सकाळी चुलीपुढेच पडली. ठाण्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा उजवं अंग गेलेलं होतं आणि वाचाही. डोक्यात रक्तस्राव झालाय, डॉक्टर म्हणाले. तिला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, पण बोलता येणार नाही, आणि हातात फार दिवस नाहीत. घरी न्या, ज्यांना भेटायचं त्यांना बोलवा.

तिला कुणाला भेटायचंय हे सांगायला बोलण्याची गरज नव्हती. भाविकाने प्रितेशचा बोटीवरच्या पोशाखातला फोटो उशाशी ठेवला, तर तिने डाव्या हाताने तो ढकलून दिला. तिला फोटो नको होता, पोरगा हवा होता.

भावोजींनी बोटीच्या कंपनीत फोन केला. तिथला माणूस भला होता. बोट गुरुवारी सिंगापूरला काही तास थांबणार आहे, म्हणाला, तिथे मुलाला उतरवता येईल आणि तिथून विमानाने रात्रीत घरी. ते चुकलं तर पुढचं बंदर चीनला, लांब. तुम्ही इंग्रजीत ई-मेल पाठवा, आम्ही जसाच्या तसा कॅप्टनला देतो, तो मुलाला विचारेल. म्हणजे सगळं त्या गुरुवारवर आलं.

भाविकाने लिहिलं: माय मदर इज व्हेरी इल. ते घेऊन ती सरांकडे गेली. सर म्हणाले, व्हेरी इल चुकीचं नाही, पण कॅप्टनला वाटेल ताप आलाय. जिवावरचं दुखणं असेल तर 'सिरीयसली इल' लिही. ते वाचून कुठलाही कॅप्टन पोराला सोडेल. 'प्लीज कम सून' असंही शेवटी घातलं. मंगळवारी कल्याण नाक्याच्या सायबर कॅफेतून ते गेलं. सर बरोबर होते, पोरगी बरोबर होती, इंग्रजी बरोबर होतं. आजही मला त्यात कुणाची चूक काढता येत नाही, आणि चुका काढण्यात माझा हात धरणारं गावात कुणी नाही.

गुरुवार गेला. पुतळाबाई रात्रभर दाराकडे तोंड करून पडून राहिली. शुक्रवारी कंपनीकडून प्रितेशचं उत्तर आलं. भाविका त्याची छापील प्रत घेऊन आली. भावोजी म्हणाले, वाच. तिने एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं. मला समजलं. आता येऊन उपयोग नाही, म्हणून मी उतरलो नाही. मी इथेच अंघोळ केली आणि डोकं भादरलं. दहावा काकांच्या बाळाराम दादाच्या हातून करा. बाबांना एकटं सोडू नका. तिच्या शेवटाला मी नव्हतो, मी डीपली सॉरी आहे.

आधी आम्हाला काहीच उलगडेना. मग भावोजींच्या लक्षात आलं.

चार वर्षांपूर्वी त्यांचे वडील गेले तेव्हा प्रितेश कोचीनला ट्रेनिंगला होता. भावोजींनी त्याला फोनवर रीतीप्रमाणे 'आजोबा सिरीयस' असं सांगितलं. पोरगं खरं समजून आजोबांसाठी शहाळी घेऊन आलं, तर स्मशानातली राखसुद्धा सावडून झालेली. तो चिडला, रडला. तेव्हा भावोजींनीच त्याला शहाणपण शिकवलं होतं की मेला असं फोनवर कुणी सांगतं का, सिरीयस म्हटलं की समजून जायचं. पोरगा गुणी, एकदा सांगितलेलं विसरत नसे.

हे सगळं बोलणं बाहेरच्या खोलीत झालं, पण मधलं दार उघडंच होतं. मी आत गेले तर पुतळाबाईच्या डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळत होतं. मी तिचा हात धरला.

भाविका त्याच पावली परत गेली आणि दुसरा ई-मेल पाठवला. आई जिवंत आहे. मग वाटलं, एवढ्याने त्याला कसं पटेल, म्हणून आणखी शब्द घातले. ती खरोखर जिवंत आहे, पूर्ण शुद्धीवर आहे, फक्त बोलता येत नाही. सरांनीही जवळ बसून जितके जोरकस शब्द होते तितके दिले. पण आपल्याला फसवतायत असं ज्याच्या मनाने घेतलंय, त्याला जोरकस शब्दांचाच संशय येतो. हे सरांच्या क्लासमध्ये नव्हतं.

रविवारी दुपारी प्रितेशचा फोन आला. कॅप्टनने बोटीवरचा फोन दिला होता. मोबाइलच्या स्पीकरवर आवाज लांबून, थांबून थांबून येत होता. तो कुणाशी बोलायला तयार नव्हता. आय हाय तं तिला फोन दे, एवढंच म्हणत होता. भाविकाने मोबाइल आईच्या तोंडाशी धरला.

"आय, मी प्रितेश. बोल काय तरी. एक शब्द बोल."

पुतळाबाईने तोंड उघडलं. डावीकडचा ओठ हलला, मानेच्या शिरा ताठ झाल्या, सगळा जीव गोळा करून ती काहीतरी ढकलत होती. बाहेर आला तो नुसता श्वास, पंख्याच्या आवाजात विरून जाणारा. मी ओरडून सांगितलं, अरे ती बोलतेय, ऐक. भावोजीही ओरडले. आम्ही सगळेच एकदम ओरडत होतो, आणि तिचा होता तो आवाजही आमच्याखाली गेला.

मग तिकडून तो शांतपणे म्हणाला, "भावे, मेलेल्या मानसालाबी बोलता येत न्हाय. मना आता फसवू नका. तिकडं कोनीच न्हाय."

फोन बंद झाला. पुतळाबाईने ते ऐकलं. तिने डाव्या हाताने मोबाइल पकडला, तो ती सोडेना. बोटं उलगडायला गेले तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी हात काढून घेतला. बुधवारी पहाटे ती गेली. बाळारामने अग्नी दिला. प्रितेशला कळवायचं का, असं कुणी विचारलंच नाही. त्याच्या हिशेबी ती केव्हाच गेली होती.

तो दिवाळीनंतर आला. त्याच्याआधी भावोजी घरोघर फिरून आले, आणि पुतळाबाई गेली तो दिवस म्हणून प्रत्येकाला त्यांनी मंगळवार सांगून ठेवला, म्हणजे ई-मेल गेला तो मंगळवार. पोराला आता खरं कळून तो जगायचा कसा, असं ते म्हणत होते. गावाला हे दोनदा सांगावं लागलं नाही, असल्या कामात आमचं गाव पटाईत. मीही गप्प बसले. ज्या रीतीला जन्मभर नावं ठेवली, तिच्याशिवाय त्या पोराला द्यायला माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं.

पहिल्याच दिवशी जेवताना त्याने विचारलं. मी वाढत होते. भावोजींनी मान खाली घातली. तो भाविकाकडेच बघत होता.

"भावे, खरा सांग. त्या दिशी फोनवर आय होती काय?"

भाविका क्षणभरही थांबली नाही.

"न्हाय," ती म्हणाली.

हातातला घास त्याने बराच वेळ तसाच धरला. मग तो जेवला.