फलाटाचं काम

गार्डबाईंचा एक नेम होता. गाडी टेकडीखालच्या थांब्यावर उभी राहिली, की शिट्टी फुंकण्याआधी त्या दारातून वाकून वरच्या पायवाटेवर एकदा नजर टाकायच्या. कुणी येताना दिसलं तर शिट्टी ओठांतच थांबायची. बहुतेकदा त्या शिलाईवाल्या मावशीच असायच्या. एका पायाने लंगडत, काखेत बोचकं धरून वरूनच ओरडायच्या, "थांब गं बाई! तुझी गाडी आणि माझा पाय, दोघंही एकाच कारखान्यातले!"

दोन डब्यांची ती गाडी एका लहानशा रेल्वे कंपनीची होती. कंपनीच्या वेळापत्रकाच्या खोलीत गार्डबाईंचे थोरले भाऊ बसत. आईवडिलांमागे दादांनीच त्यांना वाढवलं, नोकरीलाही लावलं. दादांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

एकदा जेवताना दादा सहज म्हणाले, "येत्या आठवड्यात टेकडीखालच्या फलाटाचं काम निघतंय. लोकांना सांग, तेवढे दिवस मोठ्या स्टेशनातून गाडी धरा. फलक लावून कोण वाचतंय? तुझं ऐकतात."

"ऐकतात खरं," गार्डबाई म्हणाल्या. त्यांना जरा बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्यात फिरून एकेकाला सांगितलं. मावशी कुरकुरल्या. "मोठं स्टेशन म्हणजे माझ्या पायाची परीक्षाच की. पण तू म्हणतेस म्हणजे असेल काम."

तो आठवडा आला. गाडी नियमाने थांबे, फलाट रिकामा. ना घमेलं, ना फावडं, ना मजूर. आज नाही तर उद्या येतील, असं गार्डबाई मनाला समजावत राहिल्या. दादांवर शंका घेणं म्हणजे त्यांना पापच वाटे. मागच्या डब्यात कंपनीचा एक अनोळखी माणूस रोज बसायचा. थांबा आला की दाराकडे बघायचा आणि पुन्हा डुलक्या काढायचा.

आठवडा सरला आणि ड्रायव्हरने बातमी दिली. "ऐकलंत का? टेकडीखालचा थांबा बंद होतोय. कंपनीने प्रवासी मोजले त्या आठवड्यात तिथे काळं कुत्रंसुद्धा चढलं नाही म्हणे."

ड्यूटी संपताच गार्डबाई तडक दादांच्या खोलीत गेल्या.

"दादा, फलाटाचं काम होतं ना?"

दादांनी चष्मा पुसायला घेतला. "बस आधी. पाणी घे."

"होतं की नव्हतं?"

"एक थांबा जाणारच होता गं. तो गेला म्हणून गाडी वेळेत धावेल. नाहीतर उद्या गाडीच बंद झाली असती, तुझी नोकरीही."

"मी मोठ्या साहेबांना सांगते."

"सांग की. युक्ती त्यांचीच आहे."

गार्डबाईंचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही. "मग मला तरी खरं सांगायचंस."

"तुला खरं सांगितलं असतं, तर तू त्यांना खोटं सांगितलं असतंस का?" दादा म्हणाले. त्यात कौतुकच होतं जणू.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. गार्डबाई पाणी न पिता उठल्या.

थांबा बंद व्हायच्या आदल्या दिवशी मावशी खाली आल्या. गार्डबाईंनी हात पुढे केला, पण मावशी दांडी धरून आपल्या आपण चढल्या.

"मावशी, काम नव्हतंच. माझ्या सख्ख्या भावाने मला फसवलं हो."

मावशींनी बोचकं मांडीवर घेतलं. "तुला तुझ्या भावाने फसवलं. ते तुमच्या घरचं. पण आम्हाला कुणी फसवलं? आम्ही काय तुझ्या भावाला ओळखत होतो?"

गार्डबाई दाराकडे वळल्या आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

आता गाडी तिथे थांबत नाही. तरी तो फलाट जवळ आला, की गार्डबाई दारात येऊन पायवाटेकडे बघतात. नेम मोडवत नाही. एका सकाळी मावशी दिसल्या. बोचकं घेऊन मोठ्या स्टेशनाच्या रस्त्याने निघाल्या होत्या. गार्डबाईंनी हात वर केला. मावशींनी ओरडून काहीतरी म्हणावं, निदान शिवी तरी द्यावी, म्हणून त्या मागे बघत राहिल्या.

मावशींनी गाडी जाऊ दिली आणि रूळ ओलांडले.