खेकड्यामागे खणलेला बांध

नात फिनलंडहून सुट्टीला आली, तेव्हापासून पुतळाबाईची मान खाली येत नव्हती. कळंबला दळण न्यायला गेली तरी गिरणीवाल्याला सांगून यायची, "आमची जागृती जनावरांची डागतर. तिकडं बोलावून नेलीय तिला." पण "तिकडं करते काय?" असं कुणी विचारलं, की पीठ गरम आहे म्हणत म्हातारी लगबगीनं निघायची. तिला तरी कुठं ठाऊक होतं!

हीच अडचण तिच्या मुलाची, राकेशची होती. जागृतीला आणखी दोन वर्षांसाठी परत जायचं होतं. राकेश खोपोलीच्या एका कारखान्यात कामाला. तिथले सोबती विचारायचे, "काय रं, पोरगी उंदरं मोजती काय तिकडं?" आणि तो डबा बंद करून उठायचा. शेवटी एके दिवशी जेवता जेवता तो म्हणाला, "जे काम मला चार माणसांत सांगता येत नाय, त्याच्यापायी पोर बर्फात ठेवायची नाय. हितंच नोकरी बघू."

जागृती खाली मान घालून भाकरी मोडत राहिली. बापाला दुखवून जाणारी पोर नव्हती ती.

"आयतवारी विहारात वंदना झाली का ती समद्यांना सांगंल," पुतळाबाई म्हणाली. "तू बी बस. समजलं तर जाऊ दे."

"आन नाय समजलं तर?"

"माझी नात हाय ती. समजंल."

रविवारी विहार भरला. वंदना झाली आणि जागृती उभी राहिली.

"मिंक नावाचा एक प्राणी असतो. आपल्या मुंगसाएवढा. केस दाट, मऊ. त्या कातडीसाठी तिकडं हजारांनी पिंजऱ्यात पाळतात. त्यांच्या अंगात एक विषाणू शिरतो, तो जन्मभर निघत नाही. मग शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करतं..."

"पिंड?" शेजारच्या शेताचा म्हातारा रोहिदास पुढच्या रांगेतून ओरडला. "अगं पोरी, पिंड-बिंड आपन छप्पन सालीच सोडले!"

सगळा विहार हसला. जागृतीही हसली, पण तिचा धागा तुटला. ती रोगप्रतिकाराविषयी बोलली, मूत्रपिंडातल्या गाळणीविषयी बोलली. बायकांच्या रांगेतल्या जनानं जांभई दिली. राकेश दाराबाहेरच्या चपलांकडं बघू लागला.

पुतळाबाईनं लेकाची नजर बघितली. बसल्या जागेवरून तिनं विचारलं, "जागे, आदी येक सांग. तो इषाणूच मारतो का त्या जनावराला?"

"नाही आजी, तोच तर घोळ आहे. विषाणू स्वतः फारसं काही करत नाही. त्याला हुसकायला शरीर जी धडपड करतं ना, त्या धडपडीनंच जनावर मरतं. विषाणू राहतो तिथंच."

पन्नास वर्षं पुतळाबाईनं एक गोष्ट गावात कुणाला बोलू दिली नव्हती. त्या गोष्टीवरून कुणी तिला बांधफोडी म्हणालं, तर ती त्या घरचं पाणी वर्षभर पीत नसे. ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"आयका. ह्या रोहिदासाला ठावं हाय, पर माज्या भ्यानं बोलत नाय. मी नवी नवरी. भाताची लावनी झालेली, खाचर पान्यानं भरलेलं. बांधात खेकड्यानं बीळ पाडलं आन करंगळीएवढी धार लागली. सासू बोलली, चिखलाचा गोळा दाब आन गप ये. मला वाटलं, खेकडाच काढते! घेतली कुदळ. मी खनते, तो आत सरतो. मी आनखी खनते, तो आनखी आत. दुपारपातूर खनत व्हते. आन धाडकन बांध ग्येला! समदं पानी, समदी रोपं, ह्या रोहिदासाच्या बापाच्या खाचरात!"

"आन खेकडा?" जनानं विचारलं. तिची झोप उडाली होती.

"तो कुठला गावतो!"

"त्याची नातवंडं आजून माज्या बांधात हायेत!" रोहिदास म्हणाला, आणि विहार पुन्हा हसला.

पुतळाबाई हसली नाही. "खेकड्यानं बोटभर भोक पाडलं. बांध फोडला तो घरच्या बाईनं. शेत राखाया ग्येली आन शेत बुडवून आली. जागे, असंच हाय ना?"

जागृती आजीकडं बघतच राहिली. "असंच आजी. अगदी असंच. शरीर खणत सुटतं. त्या खणण्याचा गाळ मूत्रपिंडाच्या गाळणीत साचतो. पुढं पुढं तर खेकडा कुठला आन बांध कुठला, हे बी त्याला वळखू येत नाय. कुदळ आपल्याच अंगावर चालते." बोलता बोलता पोर घरच्या बोलीवर आली होती. "पूर्वी लस टोचून बघितली, तर जनावरं जास्तच आजारी पडली."

"म्हंजे खनायला आनखी गडी लावले!" जना म्हणाली.

रोहिदास आता हसत नव्हता. हनुवटी खाजवत त्यानं विचारलं, "मग पोरी, खेकडा ऱ्हाऊ दे बिळात. खननाऱ्याचाच हात धरला तर?"

"आजोबा, काहींनी धरून बघितला. मूत्रपिंडं वाचली. पण कुदळ पार टाकली, तर दुसरी दुखणी आत शिरतात. कुदळ हातात राहावी आन बांध बी शाबूत राहावा, असा हात किती धरायचा, तेच मी शोधते. माणसांत बी असली दुखणी हायेत. उद्या त्यांच्या कामी येईल."

रोहिदास म्हणाला, "पुतळावयनी, तुजी नात लई खोल पान्यात उतरलीय बग." पुतळाबाईनं पदर सारखा केला.

बाहेर चहा सुरू झाला. राकेशच्या कारखान्यातला संतोष उशिरा पोचला होता. "जय भीम राकेश! संपलं काय रं? काय सांगितलं पोरीनं?"

राकेशनं चहाचा कप खाली ठेवला. दोन्ही हात मोकळे हवे होते त्याला. "हे बघ, आमच्या आयनं येकदा खेकड्यासाठी बांध खनला. हा येवढा, दोन हात बांध ग्येला. जनावराच्या अंगात तसंच व्हतं. ती कुदळ कशी आवरायची, ते आमची जागृती शोधती. येत्या म्हैन्यात परत चाललीय."

पाठीमागून पुतळाबाईचा आवाज आला. चारी बाजूला ऐकू जाईल असा.

"दोन न्हवं रं, चार हात ग्येला व्हता! सांगतोस तर नीट सांग."