पणजीचं गाणं आणि मी

कुर्रर्र... सकाळच्या शांत स्वयंपाकघरात माझा डावा पाय वाजला. मक्याच्या कण्या ढवळणारी आर्व्हेला मागे न बघताच लेकीला म्हणाली, "जोनेटा, आधी घसा साफ कर, मग चढ."

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी तिवई आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात आमच्या गावचं चर्च नव्याने बांधलं, तेव्हा मोडक्या बाकाच्या फळ्यांतून सुतार रूफसबाबांनी मला घडवलं. दर ईस्टरला पोरं माझ्यावर चढून कविता म्हणायची. कुणी अडलं की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या हळूच पुढचा शब्द पुरवायच्या. त्याही लहानपणी त्याच कविता म्हणून मोठ्या झालेल्या. काय माझा तोरा होता तेव्हा! पुढे ध्वनिक्षेपक आला, माझी गरज सरली आणि मी आर्व्हेलाच्या घरी आले. माझ्यावर पिठाचा डबा बसला. चालायचंच.

यंदा जोनेटाने पाठ करायला दिलेली कविता नाकारली. तिने स्वतःची रचली, कधी न पाहिलेल्या पणजीवर. लोक हसतील का, एवढाच तिला घोर. ईस्टरच्या दिवशी आर्व्हेलाने डबा उतरवून मला पुसलं आणि काखोटीला मारून चर्चमध्ये नेलं.

जोनेटा चढली.

"पणजी माझी धुणं धुवायची,
नदीला गाणं शिकवायची..."

आणि अडली. म्हाताऱ्या एकमेकींकडे बघू लागल्या. पुढची ओळ कुणालाच ठाऊक नव्हती. पोरीने शेवट आईलाही सांगितला नव्हता.

मग सगळ्यांत थोरली ओझेलाआजी म्हणाली, "दमानं घे, बाळे. आम्हाला कुठं गाडी पकडायचीय? घरची कोंबडी तर आमच्या म्हाताऱ्याने कधीच संपवली असेल."

हशा पिकला. मग तिने पायाने हलकेच ठेका धरला. एकेक पाय त्यात मिसळला. जोनेटाने श्वास घेतला.

"नदी गेली वाहून पुढे,
गाणं राहिलं माझ्याकडे."

"आमेन, पोरी, आमेन!" सगळं चर्च उभं राहिलं. माझ्या खिळ्याखिळ्याला सुख झालं.

मित्रांनो, घरातल्या जुन्या तिवईवर खुशाल डबा ठेवा, माझी तक्रार नाही. पण कधीतरी तिच्यावर एखादं पोर उभं करा, आणि ते अडलं तर वाट बघा.

घरी आल्यावर आर्व्हेला डबा पुन्हा माझ्यावर ठेवत होती. जोनेटाने पदर ओढावा तसा तिचा झगा ओढला.

"पण आई, पणजी कोणतं गाणं गायची गं?"

आर्व्हेलाने डबा खाली ठेवला, स्वतः माझ्यावर बसली आणि गुणगुणू लागली.