घोंगडीखालचा बर्फ

मी बर्फ बोलतोय. शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी थेट उत्तर ध्रुवावरून आलोय. तिथं माझ्या अंगावर पांढरी अस्वलं लोळायची. बरं, अस्वलं राहू द्या. दौंडच्या एका बर्फाच्या कारखान्यात, लोखंडी साच्यात माझा जन्म झाला.

तिथून मला पाटसजवळच्या वस्तीवर सरूबाईकडं आणलं. तिच्या साठ मेंढ्यांची लस सकाळीच आली होती आणि लाइट गेली होती. लस तापली की वाया. ही लस ज्या रोगावरची, त्याच रोगानं गेल्या साली तिची अकरा मेंढरं मेलेली. नवरा बिरदेव कळप चारून चारला परतणार, डॉक्टरही तेव्हाच येणार. तोवर थर्माकोलच्या खोक्यात लसीच्या बाटल्या गार ठेवायचं काम माझं.

सुट्टीला घरी आलेली तिची लेक स्नेहल पुण्यात कंप्युटरवर ध्रुवांकडच्या समुद्री बर्फाचं भाकीत करते. म्हणजे माझ्या भावकीची कुंडलीच मांडते! तिनं माझं वजन आणि उन्हाचा पारा मोबाइलात घातला.

"आये, दोनलाच संपंल ह्यो."

"तुजा तिकडचा बर्फ तरी सांगितल्यावानी वागतो का गं?"

"सगळा न्हाई. कमी व्हणार ह्ये बरोबर निघालं, पर उत्तरंचा आमच्या लई मॉडेलांपरास बिगीनं गेला. दक्षिणंचा घटंल म्हणलो आमी, तर कैक वर्सं थोडा वाढलाच. मग येकदम ढासाळला."

"तुज्या बापावानीच की! मग तू दिसभर करती काय तितं?"

"चुकलं कुठं ते हुडकते. वारा, लाटा, खालचं पाणी; येक धरायचं राहिलं की गणित हुकतं."

सरूबाईनं काळी घोंगडी काढून खोक्यावर टाकली.

"आये, काळं ऊन वढतं!"

"लिंबाच्या सावलीत कुठलं ऊन? घोंगडी आतली ऊब भाईर सोडत न्हाई, तशी भाईरची आत घेत न्हाई."

स्नेहलनं मोबाइलात 'घोंगडी' लिहिलं. पण घोंगडीचा आकडा धरायचा किती? ते कळावं म्हणून ती घडीघडी झाकण उघडून मला बघू लागली. अहो, त्या बघण्यानंच मी आटत होतो!

दोन वाजले, मी होतो. तीनला मुठीएवढा उरलो. सव्वाचारला धूळ उडाली, मेंढरं आली. डॉक्टरांनी बाटली हातात घेतली. "गार आहे," म्हणाले. साठच्या साठ मेंढ्यांना लस टोचली आणि शेवटच्या सुईबरोबर मी विरघळलो.

नाही हो. ही साठाची गोष्ट मी रचली. बावन्न मेंढ्या झाल्या आणि मी संपलो. डॉक्टरांनी उरलेली लस फेकून दिली. राहिलेल्या आठजणींच्या कपाळाला बिरदेवनं नीळ लावली नि त्यांना वेगळं बांधलं.

"नवी लस येस्तोवर ह्यास्नी कळपात सोडायचं न्हाई."

स्नेहल त्या आठजणींपाशी उकिडवी बसलीय. मोबाइलात नवी ओळ लिहितेय: झाकण किती वेळा उघडलं. खोक्यातलं पाणी इथंच ओतलंय; तिच्या पायाखालची ओली माती, ती मी. लिही बाई, चुकलेलं सगळं लिही. फक्त जरा उरक. आम्ही थांबणाऱ्यातले नाही.