कलशाखालची हॉलतिकिटं

महाराजांनी डोळे मिटले, कलशातलं पाणी थरथरलं आणि खोलीभर एकच गलका झाला, "जय हो!" लातूरच्या शिकवण्यांच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून असलेल्या खोलीत हा चमत्कार आठ दिवस रोज पाचच्या ठोक्याला घडत होता.

"धरणी माझ्याशी बोलून राहिली," महाराज गरजले. "बारावीच्या पेपराला पुन्हा हलणार! हॉलतिकिटं कलशाखाली ठेवा. लेकरं घरी राहतील, वाचतील!" भूकंपाचं वेळापत्रक महाराजांना बोर्डाच्या आधी मिळालं होतं.

पहिलं हॉलतिकीट ठेवलं ते भौतिकशास्त्राच्या माधवराव सरांनी, आपल्या लेकीचं, इराचं. गेल्या सप्टेंबरात किल्लारीला माहेरी गेलेली त्यांची बायको प्रेमला भूकंपात भिंतीखाली सापडून गेली होती. तेव्हापासून डोक्यावर स्लॅब दिसला की सर दाराकडं सरकायचे. खुद्द सरांनी ठेवलं म्हटल्यावर इतर आईबापांनीही मुकाट्यानं ठेवली.

इराचं वर्ष जाणार होतं. पण सरांनीच मागच्या रविवारी वर्गात व्हिडिओवर एका नामांकित गुप्तहेराच्या शाळकरी दिवसांचा सिनेमा दाखवला होता.

"त्यातला पोरगा भुताकडं बघतच न्हाई, पप्पा. भुताच्या आजूबाजूला बघतो," इरा म्हणाली. "पाणी हलायच्या आधी महाराजांचा चेला रोज ज्वारीचं पोतं घेऊन कुठं जातो?"

"गप्प बस!" सर खेकसले.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता नेहमीसारखा, गिरणीची घरघरही ऐकू येऊ नये असा टाळ-ढोलकीचा दणदणाट सुरू झाला आणि पाणी हललं. इरानं दारातून हात वर केला. पलीकडं गिरणीवाल्या जलीलचाचांनी तिच्याशी ठरल्याप्रमाणे बटण बंद केलं. पाणी निपचित. पुन्हा खूण, पुन्हा गिरणी, पुन्हा लाटा! इरानं कलशाच्या चौरंगाचं कापड ओढलं. खालून एक फळी भिंतीच्या भोकातून थेट गिरणीच्या ओट्याला भिडवलेली होती.

"चेला म्हणायचा, पाचलाच दळा," जलीलचाचा कपाळाला हात लावून म्हणाले. "मला काय ठाऊक, तुमी दळणाला देव म्हणून राहिलात!"

महाराजांनी धरणीला न विचारताच मागचं दार गाठलं.

लोक हसले. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस वर्षं ते पोरांना कंपनं शिकवत होते. खाली मान घालून त्यांनी हॉलतिकिटं उचलली आणि हजेरी घ्यावी तशी एकेक नाव घेत परत दिली.

"मास्तरनं ठेवलं म्हणून तुम्ही ठेवलंत. लाज वाटते मला," ते म्हणाले. "यापुढं माझंही ऐकू नका. आधी गिरणी बंद करून बघा."

हातात शेवटचं हॉलतिकीट उरलं. ते सरांनी सदऱ्याच्या बाहीला पुसलं.

"हजर, सर," इरा म्हणाली आणि तिनं हात पुढं केला.