बोलणारी गठाण

गांधीबागेतल्या कापडबाजारात एकतीस वर्षं मी गठाणी मोजत आलो. उचलली एकही नाही. मुनीमाच्या बोटाला शाई लागावी, सुतळी लागू नये, अशी माझी समजूत. हमालांचा कायदा वेगळा. गठाण पाठीवर चढवायची दोघांनी आणि उतरवायचीही दोघांनीच. वाहणाऱ्यानं एकट्यानं टाकायची नाही. टाकली तर माल फाटतो, नाहीतर कंबर जाते. आमच्या दुकानचा लहानू तर उतरवणारा येईस्तोवर वाकून उभा राहील, पण गठाण टाकणार नाही.

त्याची आई तुळसाबाई. छप्पन साली दीक्षेसाठी पांढरं लुगडं नेसून भिवापूरहून नागपूरला पायी आली आणि इथंच राहिली. पुढं वीस वर्षं मिरचीच्या गोदामात उकिडवी बसून देठ खुडले. त्यात गुडघे गेले. आता खाटेपासून दारापर्यंत बसल्या बसल्या सरकत यायची. तोंड मात्र अजून भिवापुरी मिरचीच.

एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत मला मुलीकडे पणजीला जायचं होतं. मुंबईपर्यंत गाडी, पुढं बोट. लहानूनं ही बातमी घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी निरोप घेऊन आला.

"मुनीमजी, माय म्हनते मले बी बोटीत बसायचं हाय."

"काहून गा?"

"म्हनते, जमीन सारी पायानं पाहून झाली. आता पाय नाही, त पान्यावरून जाऊ."

बाजारात आणि तिच्या वस्तीत ज्यानं त्यानं आपापलं भाकीत केलं. मी ती सगळी वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवली, सवयच आहे. शालिकराम हमाल म्हणाला, स्टेशनचा पूलच चढत नाही म्हातारी. तिची जाऊ यमुताई तर तोंडावरच बोलली, "बडनेऱ्याहून वापस येतेस पाय वं. नाही आलीस त माह्यं नाव बदल." माझी नोंद होती: भाऊच्या धक्क्यावरून परत. ती मी कोणाला दाखवली नाही.

तरी लहानू आईला घेऊन माझ्याबरोबर निघालाच. बडनेरा गेलं तेव्हा तुळसाबाई मुद्दाम जागी होती. खिडकीतून पाहून एवढंच म्हणाली, "यमुचं टेसन गेलं."

धक्क्यावर मात्र माझी नोंद खरी ठरायच्या बेताला आली. बोटीवर चढायची शिडी एका माणसापुरती, उभट, खाली पाणी हलतंय. खुर्चीला वाव नाही. शिडीशी पांढऱ्या गणवेशातले एक साहेब उभे होते. त्यांनी लहानूच्या हातांवरली म्हातारी पाहिली आणि मान हलवली.

"आजी चालत नाहीत? मग नाही. स्वतःच्या पायानं चढेल तो प्रवासी."

"आनि हे काय चढून राहिलं?" तुळसाबाईनं बोट दाखवलं. आंब्याच्या रिकाम्या पेट्या, ट्रंका, एक शिवणयंत्र, सगळं माणसांच्या पाठीवरून वर जात होतं.

"ते सामान, आजी."

"मंग मी सामान."

साहेबांना हसू आवरेना. "सामान बोलत नसतं."

"मंग मी गप राहतो," म्हातारी म्हणाली आणि तिनं तोंड मिटलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं. रांग खोळंबली होती. "सामान पडलं तर?"

"आमच्याकडून अजून एक गठाण पडली नाही, साहेब," मी म्हणालो. एकतीस वर्षांच्या वह्यांत तसं खरंच होतं.

दोघा कोकणी गड्यांनी तिला लहानूच्या पाठीवर दिली. त्यानं कपाळावरून पट्टा घेतला, तिच्या खालून फिरवला, वाकला आणि ओरडला, "बाजू! गठाण!" गांधीबागेत या आरोळीवर बैलगाड्यासुद्धा थांबतात. इथंही शिडी मोकळी झाली. एकदा निघालेला हमाल मधे थांबत नाही. तोही थांबला नाही.

मी ट्रंक आणि फराळाच्या डब्यांसह मागं अडकलो. वर पोचायला मला चांगली पंधरा मिनिटं लागली. पाहतो तर लहानू अजून तसाच वाकलेला, आई पाठीवर, आणि डेकवर फेऱ्या मारतोय. लोक बाजूला सरून वाट देताहेत.

"लहानू, उतरव ना गा त्यांना!"

"उतरवनारा कोठी हाय, मुनीमजी? काम माहीत असलेला मानूस पायजे. ही तिसरी फेरी हाय. उभा राहिलो त माय पाठीत ढोसते."

म्हातारी खरंच बोलत नव्हती. ओठ घट्ट मिटलेले, डोळे मात्र चहूकडे फिरत होते. एवढा वेळ गप्प बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. चौथी फेरी मी होऊ दिली. मग ट्रंक ठेवली, बाह्या सरसावल्या. तेवढ्यात तेच साहेब एक आरामखुर्ची घेऊन आले. एका बाजूनं ते, एका बाजूनं मी. एकतीस वर्षांत उतरवलेली माझी पहिली गठाण. हलकी होती.

कठड्याला लागून खुर्ची लावली. भोंगा झाला, धक्का मागं सरकू लागला. तुळसाबाईनं साहेबांकडे मान वळवली.

"आता बोलू का?"

"बोला, आजी."

"तुमची बोट चांगली हाय," ती म्हणाली. "पन रस्ता लय मोठा केला पान्याचा." आणि पणजीपर्यंत ती झोपली नाही.

नागपूरला परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी यमुताई विचारपूस करायला आली. हमालही आले होते. शालिकरामला लहानू सांगत होता, मुनीमजींनी गठाणीला हात लावला म्हणून. शालिकराम माझ्या हातांकडे पाहत होता. तुळसाबाई दारात बसली होती. तिनं पदराखालून औषधाची बाटली काढली, बूच उघडलं आणि जावेच्या तळहातावर चार थेंब ओतले.

"चाख वं, यमु."

यमुताईनं चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"बडनेऱ्याचं पानी इतकं खारट नसते," तुळसाबाई म्हणाली. "आता सांग, तुह्यं नाव काय ठेवू?"